फळीवरचा डावा हात

खिळा मारताना बोलायचं नाही, हा आमच्या वडिलांचा नियम. होडीचं पोट पोकळ असतं, आतल्या आणि बाहेरच्या माणसाने बडबड सुरू केली की ठोका कुठला आणि शब्द कुठला ते कळेनासं होतं, खिळा वाकतो, आणि वाकलेला खिळा पुढे पाणी आत घेतो. एवढं सांगून ते हातोडी उचलायचे. या एका नियमाच्या जोरावर मी आणि माझा मोठा भाऊ चार वर्षं एकमेकांशी अक्षरही न बोलता अकरा होड्या बांधू शकलो. दुसरा कुठलाही धंदा असता तर पहिल्याच महिन्यात कुलूप लागलं असतं.

आमच्या होड्या लाकडी आणि लहान, तीन-चार माणसं बसतील एवढ्या. एका फळीचा काठ दुसऱ्या फळीवर थोडा चढवायचा आणि जिथे चढवला तिथे चार-चार बोटांच्या अंतरावर तांब्याचे खिळे मारायचे. याला दोन माणसं लागतात. दादा बाहेर बुटक्या स्टुलावर बसतो, खिळा आत घालतो आणि त्याच्या डोक्यावर लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरतो. मी आत, गुडघ्यांवर. टोक माझ्याकडे निघालं की त्यावर तांब्याची चकती बसवायची, जास्तीचं टोक कापायचं आणि उरलेलं ठोकून चपटं करायचं. बाहेर ठोकळा नसेल तर माझ्या पहिल्याच घावाला खिळा उलटा निघेल. म्हणून खुणा ठरलेल्या. बाहेरून एक ठोका म्हणजे ठोकळा लावलाय, हाण. आतून दोन ठोके म्हणजे झालं, पुढचा घे. मध्ये फळी. तो मला दिसत नाही, मी त्याला दिसत नाही, आणि चार वर्षं आम्हा दोघांना हेच हवं होतं.

लोक त्याला मौनीबाबा म्हणतात आणि मला फटाका. दोन्ही नावं आम्ही कष्टाने मिळवलेली आहेत.

भांडण कशावरून झालं ते सांगतो, कारण त्यात माझी चूक होती आणि ती मी केव्हाच मान्य केली होती. निदान मला तसं वाटत होतं. नवी शिडाची होडी गिऱ्हाइकाला दाखवायला पाण्यात नेली होती. मी सुकाणूवर, दादा शिडाच्या दोरावर. धक्क्यावर वीस-पंचवीस माणसं उभी. वाऱ्याचा जोराचा झोत आला आणि होडी एका अंगावर कलली. मी ओरडलो, "दोर सोड!" दादा पुढे पाण्याकडे बघत दोर घट्ट धरून बसलेला. "अरे सोड! दादा, सोड!" तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत आम्ही धक्क्याच्या दगडावर जाऊन आपटलो होतो. तीन महिन्यांची मेहनत, आणि पुढची फळी मालकाच्या डोळ्यांदेखत तडकली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काठावर उतरल्या उतरल्या मी पाणी उपसायचा डबा उचलला, वल्हं अडकवायची लोखंडी कडी हातात घेतली आणि दादाच्या कानाशी डबा बडवत ओरडलो, "उठा हो राजे! सकाळ झाली!" धक्क्यावरचे लोक पोट धरधरून हसले. मला अजून चेव आला. मी दुसऱ्या कानाशीही बडवला.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तो ओल्या कपड्यांनिशी घरी चालत गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आला, स्टुलावर बसला, ठोकळा उचलला. पण बोलणं बंद झालं ते झालंच.

एका डब्यावरून एवढं? असं मला पहिले सहा महिने वाटत होतं. मी सडाफटिंग माणूस, माझं दुपारचं जेवण दादाच्या घरून यायचं. वहिनी ते घेऊन यायच्या. आधी दहा-दहा मिनिटं उभ्या राहून माझी थट्टा करायच्या, भाऊजी, तुमच्यासाठी एक लाकडाचीच बायको बनवून घेऊ या, ती तरी तुमचं ऐकून घेईल, म्हणायच्या. त्या दिवसानंतर त्या टेबलावर डबा ठेवून माझ्याकडे न बघता निघून जायला लागल्या. दादाचे निरोप त्यांच्याकडून यायचे, माझे त्यांच्याकडून जायचे. निरोपसुद्धा मोजक्या शब्दांचे.

दुसऱ्या वर्षी एके दुपारी माझ्याने राहवेना. आम्ही वरून तिसरी फळी लावत होतो. बाहेरून एक ठोका आला. मी हातोडी खाली ठेवली आणि वडिलांचा नियम मोडून, चांगलं मोठ्याने बोललो. "दादा, चुकलं माझं. त्या दिवशी मी तसं करायला नको होतं. माफ कर मला."

वाट बघितली. 

बाहेरून पुन्हा एक ठोका आला. ठोकळा लावलाय, हाण. मी तसाच बसून राहिलो. मग आणखी एक, जरा जोरात. काय झोपलास का आत, असा.

मी हातोडी उचलली आणि तो खिळा असा ठोकला की चकतीच फाटली. त्या दिवशी माझ्या मनातून दादा उतरला. एक वेळ माणसाने माफ करू नये, शिवी द्यावी, पण समोरचा नाक घासतोय आणि हा म्हणतोय पुढचं काम कर? एवढा कसला माज?

तरी पुढची दोन वर्षं मी काढली. मग यंदा ठरवलं, बास. दुसऱ्या गावी फायबरच्या होड्यांचा कारखाना आहे, साच्यातून बादल्या काढाव्या तशा होड्या काढतात. तिथे मला बोलावलं होतं. सोमवारी रुजू व्हायचं. मी वहिनींना सांगितलं, हातातली ही होडी शेवटची, रविवारी संध्याकाळी हत्यारं वाटून घेऊ आणि वडिलांची कार्यशाळा बंद करू. वहिनी म्हणाल्या, "तुमची मर्जी." दादाकडून काहीच उलट निरोप आला नाही. एकदा तरी 'जाऊ नको' म्हणेल असं मला वाटत होतं, आणि असं वाटतंय याचाच मला जास्त राग येत होता.

त्याच रविवारी लाकडी होड्यांच्या हौशी मंडळींच्या मेळाव्याचा शेवटचा दिवस होता. हा मेळावा दरवर्षी धक्क्याजवळच्या जुन्या मालगोदामात भरतो. तीन दिवस भाषणं. गाठी कशा माराव्यात, कुठलं लाकूड किती दिवस वाळवावं, उभ्याने वल्हं कसं मारावं. आदल्या दिवशी एका गृहस्थांनी होडीत पाऊल कसं टाकावं यावर तासभर सुंदर भाषण केलं आणि व्यासपीठावरून उतरताना आपटले. हे सगळं भरवतात ते एक निवृत्त मास्तर. त्यांनी वहिनींमार्फत आम्हाला गळ घातली होती, की जुन्या पद्धतीने खिळे कसे मारतात ते दोघा भावांनी लोकांसमोर करून दाखवावं. दादाने कळवलं, शेवटचंच आहे तर होऊ दे.

तर शेवटच्या फळीचे खिळे तेवढे राहिलेली ती होडी गोदामाच्या मधोमध लाकडी घोड्यांवर ठेवली होती. समोर दीड-दोनशे खुर्च्या. पहिल्या रांगेत वहिनी. दादा बाहेर स्टुलावर, लोकांना दिसेल असा. मी आत गुडघ्यांवर, लोकांना फक्त माझं टक्कल दिसत असणार. मास्तर माइकवरून समजावून सांगत होते आणि आम्ही ठोकत होतो. बाहेरून एक. हाण. आतून दोन. पुढचा. सहा खिळे झाले. टाळ्या पडल्या.

"कुणाला काही विचारायचंय?" मास्तर म्हणाले.

एका बाईंचा आवाज आला. "मला बाहेरच्या काकांना विचारायचंय. उजव्या हातात तुमचा ठोकळा असतो, पण डावा हात सगळा वेळ फळीवर पालथा टेकलेला असतो. तो कशासाठी?"

मी आत बसून कपाळाला आठ्या घातल्या. डावा हात फळीवर? वडिलांनी असलं काही शिकवलं नव्हतं. डाव्या हातात पुढचा खिळा तयार धरायचा असतो. हे दादाने कधी सुरू केलं?

दादा उत्तर देईना.

"काका? तो डावा हात?" बाईंनी पुन्हा विचारलं. मग मास्तरांनी माइकवरून विचारलं. तरीही काही नाही. खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. मला, खरं सांगतो, आतल्या आत गुदगुल्या झाल्या. बघा म्हटलं, बघा कसा आहे तो. चार वर्षं मी हे भोगतोय, आज सगळ्या गावाने बघावं.

मास्तर जरा ओशाळले आणि दादाला माइक द्यायला पुढे झाले. माइक कर्ण्याच्या फार जवळ गेला असावा. कर्ण्यातून अशी काही किंचाळी निघाली की गोदामाच्या पत्र्याखाली कानठळ्या बसल्या. हातोडी टाकून मी दोन्ही कान दाबले आणि काय झालं ते बघायला गुडघ्यांवर उंच झालो.

समोरच्या दीडशे माणसांचे हात कानांवर होते. मास्तर वाकडेतिकडे होऊन माइक झटकत होते. मागे एक लहान मूल रडायला लागलं होतं. आणि माझ्या खाली, कर्ण्यापासून चार हातांवर, दादा शांत बसला होता. मान किंचित खाली. उजव्या हातात ठोकळा, सातव्या खिळ्यावर दाबलेला. डावा हात फळीवर पालथा, बोटं पसरलेली. पापणीसुद्धा हलली नव्हती. तो माझ्या ठोक्याची वाट बघत होता.

किंचाळी थांबली.  मी त्याच्या डोक्यावरून हळूच म्हणालो, "दादा."

काही नाही.

"दादा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. पुढच्या रांगेतली माणसं दचकली. दादाची मान खालीच.

मग मी खाली वाकलो आणि बोटाच्या पेराने फळीवर दोनदा वाजवलं. इतकं हळू, की मलाच धड ऐकू आलं नाही. दादाची डावी बोटं हलली. त्याने ठोकळा उचलला, पिशवीतून आठवा खिळा काढला.

 मी होडीच्या काठाला धरून तसाच राहिलो. डोक्यात एकच चाललं होतं, ऐकू येत नाही. याला ऐकू येत नाही. मग 'दोर सोड' म्हणून मी ओरडलो ते? दोन वर्षांपूर्वी मी माफी मागितली ती? ती मी कुणाकडे मागितली? लाकडाकडे? आणि हा बिचारा बाहेर ठोकळा धरून बसला होता, हात भरून आला असेल, म्हणून पुन्हा ठोकला. त्या ठोक्यापायी मी याला दोन वर्षं माजोरी म्हटलं, मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या.

आणि डबा. बहिऱ्या माणसाच्या कानाशी मी डबा बडवला होता. एका कानाशी. मग दुसऱ्या.

होडीतून कसा उतरलो आठवत नाही, पोटरी खरचटली ते नंतर कळलं. मी सरळ वहिनींसमोर गेलो.

"वहिनी, दादाला ऐकू येत नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा डोळ्याला डोळा दिला, आणि त्या डोळ्यांत एवढा संताप होता की मी मागे सरकलो.

"आज लोकांसमोर नवीन नाटक काढलंत का, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "एकदा हसून पोट भरलं नाही?"

"वहिनी, शपथ घेतो, मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं? डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कान चाललेत, आयुष्यभर घण ऐकलेत, आता परत यायचे नाहीत. यांना तुम्हाला तोंडाने सांगायची लाज वाटली. म्हणून डॉक्टरांचा कागद यांनी तुमच्या टेबलावर ठेवला, तुम्ही वाचाल म्हणून. चार दिवस तुम्ही काही बोलला नाहीत. आणि पाचव्या दिवशी वीस माणसांसमोर..."  त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"कुठला कागद?" मी म्हणालो. "मी कुठला कागद बघितला नाही, वहिनी."

 मास्तरांनी माइक बंद करून टाकला होता. स्टूल सरकल्याचा आवाज आला. दादा उभा राहिला होता. ठोके यायचे थांबले, म्हणून त्याने वर बघितलं असणार, आणि मग आम्हाला बघितलं असणार. तो आमच्याजवळ आला. वहिनींच्या ओठांकडे बघितलं, मग 'कुठला कागद?' असं पुन्हा विचारणाऱ्या माझ्या ओठांकडे. चार वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कधी झाल्या?

"भिंतीवर आहे," दादा म्हणाला.

त्याचा आवाज मी ओळखला नाही. सपाट, आणि गरजेपेक्षा कितीतरी मोठा. मागच्या रांगेपर्यंत गेला असेल.

"काय भिंतीवर आहे?"

"कागद. त्याचा तू साचा कापलास. मागच्या फळीच्या कोपऱ्याचा. तुझ्या टेबलाच्या वरती टांगलाय." तो थांबला. "मी एकदा उलटा करून बघितला. मागे माझं नाव आहे. अर्धं तू कापलंस, अर्धं आहे."

मला तो साचा डोळ्यांसमोर दिसला. पिवळट, जाड, वरच्या टोकाला भोक. चार वर्षं प्रत्येक होडीला तो फळीवर ठेवून मी त्याच्या कडेने पेन्सिलीने आखलं होतं. आमच्या कामात कागद म्हणजे कोरी बाजू, दुसरं काही नाही. लग्नपत्रिका असो, कॅलेंडरचं पान असो, जरा कडक कागद टेबलावर दिसला की माझा हात आधी पेन्सिलीकडे जातो आणि मग कात्रीकडे. छापलेल्या बाजूला काय आहे हे मी जन्मात कधी बघितलं नाही. तो कागद टेबलावर पालथा पडला असणार, आणि मी मनात म्हटलं असणार, वा, चांगला कागद मिळाला.

म्हणजे दादाने आपलं दुखणं माझ्यापुढे ठेवलं, आणि मी त्याची कापाकापी करून भिंतीवर टांगलं, आणि पाचव्या दिवशी डबा वाजवला. त्याला हे असं दिसलं होतं. हे डोक्यात ठेवून तो चार वर्षं रोज सकाळी त्या भिंतीसमोरून जाऊन स्टुलावर बसत होता आणि माझ्यासाठी ठोकळा धरत होता.

"अरे, मी तो वाचलाच नाही!" मी ओरडलो. दादा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला कळलं नव्हतं.

"ओरडू नका," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. त्याही माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होत्या. "समोर उभे राहा. हळू बोला. ओठ बघून थोडंफार समजतं त्यांना."

मी दादाचे दोन्ही खांदे धरले. एक-एक शब्द सुटा करून म्हणालो, "मी, तो कागद, उलटून, बघितलाच नाही."

त्याच्या कपाळावर आठी पडली. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणताना माझेच ओठ थरथरायला लागले, त्यामुळे त्याला आणखी कळेना. मग मी कागद धरल्यासारखा हात केला, पालथा, आणि मान हलवली. नाही. उलटला नाही. वाचला नाही. माहीत नव्हतं.

"माहीत नव्हतं?" दादा त्याच मोठ्या आवाजात म्हणाला. "मग तो डबा?"

"नुसता राग, दादा. नुसता माझा मूर्खपणा. मी कुठे जात नाही. उद्या नाही, कधीच नाही. तू दोन थोबाडीत मार मला, पण मी जात नाही."

यातलं त्याला किती समजलं कोण जाणे. त्याने खात्री करायला वहिनींकडे बघितलं. वहिनींनी दोनदा मान डोलावली, खरं बोलतायत म्हणून. आणि माझा सत्तावन्न वर्षांचा भाऊ, ज्याला सगळा गाव मौनीबाबा म्हणतो, भर गोदामात रडायला लागला. मोठमोठ्याने, हुंदके देत, पत्रे दणाणतील असा. हुंदका दाबत होता तो, ओठ घट्ट मिटत होता, त्याला वाटत असणार की आपण गुपचूप रडतोय.

कुणी खुर्चीतून हललं नाही. कुणी शू केलं नाही. मी त्याला छातीशी धरलं आणि लोकांना तो दिसू नये म्हणून त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो.